शेरा पडण्याआधी

आठवीतल्या एखाद्या मुलाबद्दल स्टाफरूममध्ये ‘हा आता हाताबाहेर गेला’ असं म्हटलं जातं, तेव्हा त्याचे पाचवी-सहावीचे हजेरीपट आणि नोंदी काढून पाहाव्यात. बरंचसं तिथे आधीच लिहिलेलं असतं. सोमवारच्या दांड्या, दिवाळीनंतर कोरे गेलेले आठवडे, दुसऱ्या सत्रात गणितात एकदम घसरलेले गुण आणि प्रगतिपुस्तकात कुणीतरी घाईत लिहिलेलं ‘वर्गात लक्ष नसते’. माहिती होती, पण ती एकत्र ठेवून कुणी वाचली नव्हती.

अमेरिकेत रॉबर्ट बाल्फान्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिलाडेल्फिया शहरातल्या सहावीच्या सुमारे १३ हजार मुलांचा १९९६ ते २००४ असा माग ठेवला. २००७ साली त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा, की फार कमी हजेरी, गणितात नापास, भाषेत (तिथे इंग्रजीत) नापास आणि गैरवर्तनाची नोंद या चार गोष्टी सहावीत पाहिल्या तरी पुढे शाळा पूर्ण न करणाऱ्यांपैकी ६० टक्के मुलं आधीच ओळखता येतात. ते आकडे आपल्या शाळांना जसेच्या तसे लावायचं कारण नाही. पण त्यासाठी महागडी चाचणी लागली नाही, हे लक्षात घ्या. यातली प्रत्येक गोष्ट आपल्याही शाळेच्या कपाटात असते.

एक धोका मात्र इथेच सांगितला पाहिजे. अशी यादी करायची ती आधी मदत कुणाला द्यायची हे ठरवण्यासाठी. तीच यादी स्टाफरूममध्ये ‘यांच्यावर लक्ष ठेवा’ म्हणून फिरू लागली, तर तिने फायद्यापेक्षा नुकसान जास्त होईल.

आपल्याकडे पाचवी हे मोठं वळण आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीपर्यंत एकच बाई किंवा गुरुजी दिवसभर असतात. घरी कोण आजारी आहे, बाप कधी परगावी गेलाय, हे त्यांना न विचारता कळतं. मग मूल संस्थेच्या हायस्कुलात जातं आणि एकदम सात-आठ शिक्षक, तासिकांची घंटा, सेमी-इंग्रजी, बस किंवा सायकल, आणि वर्गात साठ अनोळखी चेहरे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात उच्च प्राथमिकसाठी ३५ मुलांमागे एक शिक्षक सांगितलाय. बऱ्याच वर्गांत तो आकडा कागदावरच राहतो. त्यात अकरा-बाराव्या वर्षी शरीर बदलू लागतं आणि आईच्या मतापेक्षा मित्राच्या मताला वजन येतं. या वयात मूल थोडं उलट बोलणार, आरशासमोर जास्त उभं राहणार, नियमाचं कारण विचारणार. यातलं बरंचसं वाढीचंच लक्षण आहे, त्याला उपचार नको. काळजी करायची ती बदलाची. कालपर्यंत हसणारं मूल तीन आठवडे गप्प असेल, नीटनेटकी वही मध्येच थांबली असेल, चिडणं आठवड्यातून एकदा होतं ते रोजचं झालं असेल, तर थांबू नका.

गप्प मुलांचा वेगळा उल्लेख करतो, कारण ती कुणाच्या वाटेत येत नाहीत. दंगेखोर मुलाची दखल सगळे घेतात. मागच्या बाकावर डोकं खाली घालून बसणारी मुलगी मात्र वर्षभर ‘शांत, चांगली’ या सदरात राहते. मोठ्या मुलीची दर महिन्याला तीन-चार दिवस गैरहजेरी लागत असेल, तर आधी शाळेच्या शौचालयाला कडी आणि पाणी आहे का ते पाहा, मग तिला बोलवा.

मुलाशी बोलण्याआधी शरीराची बाजू तपासून घ्यावी. फळ्यावरचं दिसत नाही म्हणून शेजाऱ्याच्या वहीत डोकावणारा मुलगा ‘कॉपी करतो’ म्हणून मार खातो. कान वाहणारं मूल हाक मारली तरी ओ देत नाही, आणि त्याला ‘मुजोर’ म्हणतात. रात्री एकपर्यंत मोबाइल पाहणारा पहिल्या तासाला पेंगतो, आणि सकाळी काहीच न खाता आलेला खिचडी मिळेपर्यंत चिडचिडा असतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक सरकारी आणि अनुदानित शाळांत मोफत तपासणीला येतं. त्या दिवशी आपल्या मनातली दोन-तीन नावं डॉक्टरांना मुद्दाम सांगावीत. वाचन दोन इयत्ता मागे असेल, अक्षरं सतत उलटसुलट होत असतील, तर अध्ययन अक्षमतेची शंका घ्यायला हवी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे. गटसाधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या तज्ज्ञांना कळवलं, की तपासणीचा रस्ता सुरू होतो. परीक्षेतल्या सवलतींसाठी दहावीच्या फॉर्मची वाट पाहणारे पालक चार वर्षं उशीर करतात.

आता मुख्य काम. मूल असं का वागतं, हा प्रश्न आपण नेहमी विचारतो आणि उत्तर म्हणून ‘घरचं वळण’, ‘संगत’, ‘मोबाइल’ असं काहीतरी हाताशी धरतो. ही उत्तरं खरी असली तरी उद्याच्या तासाला कामाची नाहीत. त्याऐवजी असं विचारा: या वागण्यानंतर त्याला काय मिळतं, किंवा कशातून सुटका होते?

समजा, सातवीतला एक मुलगा मधल्या सुट्टीनंतरच्या गणिताच्या तासाला रोज शेजाऱ्याला पेनानं टोचतो. शेजारी ओरडतो, वर्ग हसतो, सर चिडतात आणि त्याला बाहेर उभं करतात. वर्ग शांत होतो. शिक्षा लागू पडली, असं सरांना वाटतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आणि दिवाळीपर्यंत हेच चालू राहतं. आठवडाभर एका कागदावर फक्त तीन गोष्टी लिहून पाहिल्या, वागण्याच्या आधी काय चाललं होतं, त्यानं नेमकं काय केलं, आणि लगेच नंतर काय झालं, तर चित्र वेगळं दिसतं. टोचणं सुरू होतं ते फळ्यावर अपूर्णांकांची उदाहरणं मांडून ‘सोडवा’ म्हटल्यावर. भूमितीच्या दिवशी तो गप्प आकृती काढत असतो. बाहेर उभं राहिलं की अपूर्णांक टळतात. म्हणजे आपण ज्याला शिक्षा समजत होतो, तेच त्याचं बक्षीस होतं.

हे कळल्यावर उपाय बदलतो. पहिली दोन उदाहरणं त्याला जमतील अशी द्यायची, आणि पहिल्या पाच मिनिटांत त्याच्या बाकाजवळून एक फेरी मारायची. अडलं तर ओरडण्याऐवजी वहीवर पेन आडवं ठेवायचं, अशी त्याची-तुमची खूण ठरवायची, आणि ती दिसली की खरंच जायचं. दोनदा गेला नाहीत तर तो पुन्हा पेन शेजाऱ्याच्या दंडाकडे वळवणार. सोबत चौथी-पाचवीचे राहून गेलेले अपूर्णांक भरून काढायला आठवड्यातून दोन वेळा पंधरा-वीस मिनिटं. बाहेर काढणं बंद.

पण नोंदीत दुसरंच काही निघालं, की अपूर्णांक असोत वा भूमिती, तो टोचतो ते मागची तिघं हसावीत म्हणून, तर वरचे उपाय वाया जातील. तिथे प्रेक्षक काढून घ्यायचे, म्हणजे जागा बदलायची, किरकोळ चाळ्यांकडे सगळ्यांदेखत लक्ष द्यायचं नाही, आणि त्याला दुसरीकडे हक्काचा रंगमंच द्यायचा. परिपाठात बातम्या वाचणं, स्नेहसंमेलनात निवेदन, खेळाच्या तासाला पंच. कृती तीच, उपाय दोन, आणि दोन्ही एकमेकांच्या जागी निरुपयोगी. ‘आमच्या शाळेत सगळे उपाय करून झाले’ असं सांगणाऱ्यांनी बहुधा कारण न शोधता उपाय केलेले असतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

मुलाला थेट ‘तू असं का करतोस?’ असं विचारू नये. बारा वर्षांच्या मुलाला त्याचं उत्तर बहुधा माहीत नसतं, आणि असलं तरी तो ते उभं राहून सांगणार नाही. ‘कुठला तास सगळ्यात जड जातो?’ असं चालता चालता विचारलं तर तो बोलतो.

हे झालं एका मुलाचं. पण वर्गाची घडी बसलेली नसेल, तर एकेका मुलावर केलेली मेहनत टिकत नाही. जॉर्ज सुगाय आणि रॉबर्ट हॉर्नर या ओरेगन विद्यापीठातल्या अभ्यासकांनी १९९० च्या दशकापासून जी पद्धत रुजवली, तिचा पायाच हा आहे: आधी सगळ्या शाळेसाठी अपेक्षित वागणूक शिकवायची, मग थोड्या मुलांसाठी थोडा जादा आधार, आणि अगदी मोजक्यांसाठी स्वतंत्र आराखडा. शिकवायची म्हणजे भिंतीवर रंगवायची नव्हे. आपल्या शाळांच्या भिंती सुविचारांनी भरलेल्या आहेत आणि नळावरची ढकलाढकली तशीच आहे. ढकलाढकली नळावर होते तर रांग नळावरच शिकवावी, जूनमध्ये, दोन-तीनदा करून घ्यावी, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा. नियम तीन-चारच असावेत आणि ‘करू नका’ऐवजी ‘असं करा’ या भाषेत. वर्गाच्या दारात उभं राहून येणाऱ्या प्रत्येकाला नावानं हाक मारणं ही साधी गोष्टसुद्धा वरच्या प्राथमिक वयाच्या दहा वर्गांत तपासली गेली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मुलं कामात गुंतून राहण्याचं प्रमाण बरंच वाढलेलं आणि व्यत्यय कमी झालेले दिसले. साठ मुलं असतील तर सगळ्यांची नावं घ्यायला दोन-तीन मिनिटं लागतात. जेवढी घेता येतील तेवढी घ्या, आणि ज्यांची काळजी वाटते त्यांना वगळू नका.

कौतुकाबद्दल थोडं सावध राहावं. दुसरीतल्या मुलाला सगळ्यांसमोर टाळ्या दिल्या की तो फुलतो. सातवीतल्या मुलाला त्याच टाळ्या मित्रांत ‘सरांचा चमचा’ ठरवतात, आणि ते पुसायला तो दुसऱ्या दिवशी मुद्दाम दंगा करतो. या वयात कौतुक हळू आवाजात, बाकाजवळून जाताना, वहीच्या कडेला दोन शब्दांत करावं. आणि नेमकं करावं. ‘गुड बॉय’ म्हटल्यानं काय बरोबर केलं ते कळत नाही. ‘चिडलास तरी वही फेकली नाहीस, पाहिलं मी’ म्हटल्यानं कळतं.

मधल्या पातळीवरच्या मुलांसाठी, म्हणजे जी रोज थोडं थोडं बिघडवतात पण अजून ऑफिसपर्यंत पोचलेली नाहीत, त्यांच्यासाठी दिवसाच्या कार्डाची पद्धत आपल्या शाळांना सहज जमण्यासारखी आहे. डीॲन क्रोन, रॉबर्ट हॉर्नर आणि लीॲन हॉकन यांनी ती २००४ साली पुस्तकरूपात मांडली. परिपाठाआधी मूल एका ठरलेल्या मोठ्या माणसाला भेटतं. ते वर्गशिक्षकच असावेत असं नाही. ग्रंथपाल, क्रीडाशिक्षक, प्रेमळ शिपाईमामासुद्धा चालतील, फक्त ते माणूस मुलाला आवडणारं आणि रोज हजर असणारं हवं. दप्तर, पेन, वही आहे ना, एवढं पाहून कार्ड हातात. प्रत्येक तासाच्या शेवटी शिक्षक ठरलेल्या दोन-तीन गोष्टींना ०, १ किंवा २ गुण देतात आणि एक वाक्य बोलतात. शाळा सुटताना पुन्हा तीच व्यक्ती, गुणांची बेरीज, आणि कार्ड घरी सहीला. ८० टक्के गुण हे नेहमीचं लक्ष्य, पण सुरुवातीला मूल आज जिथे आहे त्याच्या थोडं वर ठेवावं. पहिल्याच आठवड्यात हरलेलं मूल कार्ड गटारात टाकतं. बक्षीस पैशांत नको. तासाची घंटा द्यायचा मान, मैदानावर आधी बॉल, ग्रंथालयात जादा पुस्तक, एवढं पुरतं.

दोन अटी पाळल्या नाहीत तर हे कार्ड उलटतं. घरी कमी गुण पाहून मार मिळत असेल तर कार्ड पाठवू नका. आणि कामातून सुटका हवी असलेल्या मुलाला नुसतं कार्ड देऊन उपयोग नाही. हे मुख्यतः मोठ्यांचं लक्ष हवं असणाऱ्या मुलांचं औषध आहे. सुटका हवी असलेल्याला अपूर्णांकच शिकवावे लागतील.

आणखी एक गोष्ट आपण सर्रास चुकीची करतो. त्रास देणाऱ्या सगळ्या मुलांना एका बाकावर, एका तुकडीत किंवा एका ‘सुधार’ गटात गोळा करतो. थॉमस डिशन, जोन मॅककॉर्ड आणि फ्रान्स्वा पुलँ यांनी १९९९ साली दाखवून दिलं, की या वयात अशी मुलं एकत्र आणून केलेल्या कार्यक्रमांनी काही वेळा गैरवर्तन वाढलं. एकानं केलेल्या वाह्यात गोष्टीवर दुसरा हसतो, आणि ते हसणं हाच धडा ठरतो. समुपदेशनासाठी गट करायचाच असेल, तर त्यात निम्म्याहून जास्त मुलं स्थिर वागणारी असावीत. शेवटच्या तुकडीत सगळी ‘गाजलेली’ नावं टाकणाऱ्या शाळांनी हा विचार जरूर करावा.

शिक्षेचं काय, हा प्रश्न आता तुमच्या मनात आला असेल. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही निषिद्ध आहेत. कलम १६ नुसार आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. म्हणजे ‘दाखला घेऊन जा’ ही धमकी बेकायदा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनं पाचवी आणि आठवीत नापास करण्याची मुभा राज्यांना दिली, काढून टाकण्याची नाही. छडीच्या आठवणीनं गहिवरणारी माणसं प्रत्येक पालकसभेत भेटतात. त्यांच्या वर्गातल्या किती मुलांनी छडीमुळे शाळा सोडली, हे त्यांना आठवत नाही, कारण ती मुलं आज पालकसभेला येत नाहीत. पण शिक्षा नाही म्हणजे परिणाम नाही, असं नव्हे. फाडलेलं पुस्तक चिकटवून द्यावं, दुखावलेल्या मुलीची माफी मागावी, वाया घालवलेल्या वेळेतलं काम मधल्या सुट्टीतली दहा मिनिटं बसून पुरं करावं. बोलणं थंड डोक्यानं आणि एकट्यात. कॅलिफोर्नियातल्या पाच माध्यमिक-पूर्व शाळांत जेसन ओकोनोफुआ आणि सहकाऱ्यांनी ३१ गणित शिक्षकांपैकी काहींना, मूल असं का वागत असेल याचा विचार करून मग बोलण्याबद्दलचं छोटं ऑनलाइन प्रशिक्षण दिलं. २०१६ च्या त्या अहवालानुसार वर्षभरात निलंबित होणाऱ्या मुलांचं प्रमाण हे प्रशिक्षण न मिळालेल्या शिक्षकांच्या मुलांत ९.६ टक्के होतं, तर मिळालेल्यांच्या मुलांत ४.८ टक्के. मुलांना कुणी काहीच शिकवलं नव्हतं. बदलली होती ती शिक्षकांची पहिली प्रतिक्रिया.

पालकांनो, घरी याच वळणाचा एक सापळा असतो. ओरेगनमधल्या जेरल्ड पॅटरसन यांनी तो बारकाईनं मांडला. आई म्हणते मोबाइल ठेव, मूल ओरडतं, आई आणखी ओरडते, मूल दार आपटतं, आई थकून म्हणते ‘कर काय करायचं ते’. भांडण मिटतं. मूल शिकतं की जोरानं ओरडलं की सुटका होते, आणि आई शिकते की सोडून दिलं की शांतता मिळते. यातून निघायचं तर सगळे नियम एकदम लावू नका. एकच निवडा, उदाहरणार्थ रात्री दहाला सगळ्यांचे मोबाइल स्वयंपाकघरात, तुमचासुद्धा. एकदा शांतपणे सांगा आणि ओरडलं तरी बदलू नका. पहिले काही दिवस ओरडणं वाढेल, कारण जुनं हत्यार आणखी जोरानं चालवून पाहिलं जाणारच. तिथे टिकलात तर पुढे सोपं जातं.

शाळेनं पालकांना बोलावण्याची रीतही बदलायला हवी. ‘उद्या पालकांना घेऊन ये’ म्हटलं की रोजंदारीवरच्या बापाची मजुरी बुडते, आणि ती बुडल्याचा राग मुलावर निघतो. तक्रारीच्या आधी एक चांगला फोन करावा. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांशी बोलायचं तर दिवाळीच्या आधी. मूल मागे राहणार असेल तर हंगामी वसतिगृहाची किंवा नातेवाइकांकडची सोय तेव्हाच ठरते, जानेवारीत नाही.

काही गोष्टींत मात्र कार्ड, नोंदी, आठवडाभर निरीक्षण, यातलं काहीच करत बसायचं नाही. मूल मरण्याबद्दल बोललं, अंगावर कापून घेतल्याच्या किंवा माराच्या खुणा दिसल्या, नशेचा वास आला, कुणी नकोसा स्पर्श केल्याचं सांगितलं, तर त्याच दिवशी मुख्याध्यापकांना कळवा. मुलाला एकटं सोडू नका आणि उलटतपासणी घेऊ नका. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यावर पोलिसांना कळवणं २०१२ च्या पोक्सो कायद्यानं बंधनकारक आहे. ‘शाळेची बदनामी’ हे न कळवण्याचं कारण ठरत नाही. बालकांसाठी १०९८ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हे क्रमांक दिवसरात्र चालू असतात. ते ऑफिसातच नकोत, मुलांना दिसतील अशा जागी लावा.

कुठलाही उपाय चार ते सहा आठवडे तरी न बदलता करावा, आणि मग आकड्यांकडे पाहावं. आधी आठवड्याला किती वेळा होत होतं, आता किती? अर्ध्यावर आलं असेल तर उपाय चालू ठेवा. अजिबात फरक नसेल तर मुलाला दोष देण्याआधी कारण चुकीचं शोधलं का ते तपासा. काही मुलांचं ओझं शाळेच्या ताकदीबाहेरचं असतं, तिथे समुपदेशक आणि डॉक्टर लागतात. ते लवकर मान्य करणं हेही आपलंच काम.

आणि वर्गशिक्षकांनी एप्रिलमध्ये निकालपत्रकं करताना एवढं नक्की करावं. ज्या तीन-चार मुलांसाठी वर्षभर धडपड केली, त्यांच्याबद्दल पुढच्या वर्गशिक्षकांना अर्धं पान लिहून द्या. त्यात तक्रारी नकोत. कुठला तास जड जातो, कुठली खूण चालते, कुणाचं ऐकतं आणि घरी फोन कुणाला करायचा, एवढंच लिहा. जूनमध्ये नव्या शिक्षकाला ते पहिल्याच दिवशी हातात मिळू द्या.